तरंगत्या घरात गाबोळीचा महिना

बोटीत राहतो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पांढरं शीड, निळं पाणी आणि हातात लिंबू सरबत येतं. त्याने मार्चअखेरीला अलास्कातल्या सिट्काच्या धक्क्यावर यावं. शीड गुंडाळलेलं, पाणी दुधाळ हिरवं आणि हातात ताठ केसांचा ब्रश.

या दिवसांत सिट्का साउंड या खाडीच्या काठाशी हेरिंग नावाची मासळी अंडी घालायला येते. वीतभर लांब, चंदेरी, आपल्या तारलीची थोराड बहीण शोभावी अशी. एकेक मादी वीसेक हजार अंडी घालते, नर पाण्यात दुधासारखं वीर्य सोडतात आणि किनाऱ्याकडेने कुणीतरी चुना कालवलाय असं वाटतं. अंडं जेमतेम दीड मिलिमीटरचं, पण चिवट. समुद्रगवत, केल्प म्हणजे लांबलचक समुद्रशेवाळ, खडक, खांब, जे बुडालेलं दिसेल त्याला चिकटायचं. आमचं घर तर बाराही महिने अर्धं बुडालेलंच असतं.

दोराचं शेपूट पाण्यात लोंबत राहिलं की दुसऱ्या दिवशी साबुदाण्याच्या माळेसारखं वर येतं. ते ओलं असतानाच घासायचं. ‘ऊन पडलं की बघू’ म्हणणाऱ्याची अंडी वाळतात, आणि वाळलेली अंडी निघताना दोराचे धागे सोबत नेतात. शिवाय सिट्कात ऊन पडायची वाट बघणं हा स्वतंत्र विनोद आहे.

खरी परीक्षा इंजिनाच्या गाळणीची. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढलं जातं आणि वाटेत एका जाळीच्या टोपलीतून गाळलं जातं. या महिन्यात त्या टोपलीत खवले, शेवाळ आणि सुटी अंडी यांची मिश्र भाजी जमते. साफ करताना आधी बुडातला सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी, बंद करायचा. हे विसरून झाकण उघडलं तर पॅसिफिक महासागर घरात येतो, आणि तो पाहुणा लवकर जात नाही. टोपली धुवायची, झाकणाचं रबर नीट बसवायचं, आणि मग सीकॉक पुन्हा उघडायचा. विसरण्याची खरी जागा ही दुसरी. बंद सीकॉकवर इंजिन सुरू केलं की पंपात पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राची, म्हणजे इम्पेलरची, पाती कोरडी घासून थोड्याच वेळात तुटतात, आणि तुकडे पुढच्या नळीत जाऊन बसतात. म्हणून इंजिन सुरू केल्यावर आधी मागे धावायचं आणि एक्झॉस्टमधून पाणी पिचकतंय का बघायचं. नसेल पिचकत तर आल्या पावली परत, इंजिन बंद.

त्यात शेजारी. सामन मासा धरणाऱ्या सीनरला, म्हणजे गोल जाळं टाकणाऱ्या बोटीला, अलास्कात ५८ फुटांची मर्यादा आहे, म्हणून त्या बोटी लांबीला थांबून रुंदीला वाढल्यात. त्याच हेरिंगलाही येतात. धक्क्याला जागा संपली की एकीला एक बांधतात, अगदी लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं. तुम्ही आतल्या बाजूला असाल तर पलीकडच्यांचा जिना म्हणजे तुमचं डेक. पहाटे चारला डोक्यावरून बूट जातात, आणि बूड ढोलकीसारखं असल्याने शेजारच्या डिझेलचा ठेका उशीत ऐकू येतो.

एवढे येऊन ते थांबतात. गाबोळी पिकायची असते. बाजाराला हवी ती वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास तयार गाबोळी. नमुन्याचे मासे काढायचे, दाबायचे, तोलायचे, मान हलवायची. आढीतला हापूस दिवसातून पाचदा चाचपावा तसं. इथे एक दिवस घाई झाली तर कच्ची, आणि उशीर झाला तर माशाने गाबोळी आमच्या दोराला लावून टाकलेली. म्हणून सगळे दोन तासांच्या सूचनेवर निघायच्या तयारीत. सरकारी मासेमारी खातं बोटींवरच्या व्हीएचएफ रेडिओवर उलटी गिनती करून हंगाम उघडतं, तोवर मासेमारीशी संबंध नसलेले आम्हीसुद्धा रेडिओ बंद करायला धजत नाही.

गिनती संपली की पर्ससीनचं जाळं सुटतं. छोटी होडी एक टोक धरते, मोठी बोट गोल फिरते, तळाचा दोर आवळून थैली बंद. गाबोळी जपानला जाते, तिथे नव्या वर्षाच्या जेवणात तिला काझुनोको म्हणतात. उरलेल्या माशाचं बहुतेक पीठ होतं, हे वाचून मांदेली डोक्यासकट कुरकुरीत तळणाऱ्याने उसासा टाकायला हरकत नाही. इथले मूळ रहिवासी ट्लिंगिट या अंड्यांसाठी मासा मारत नाहीत. हेमलॉक या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या पाण्यात बुडवतात, काही दिवसांनी अंड्यांनी लगडलेल्या वर काढतात. मासे पुन्हा समुद्रात मोकळे. सीनरवाल्यांशी त्यांचा वाद जुना आहे. रत्नागिरी-मालवणकडे पर्ससीनचं नाव काढून पाहिलेल्याला तो समजावून सांगायला नको.

आता घराच्या आत. बाहेर पाऊस, आत माणसं, मध्ये गार फायबरग्लास. रात्रभराचा श्वास भिंतीवर जमतो आणि गादीखाली उतरून बुरशी धरतो. गादीखाली फळ्यांची जाळी घालून हवा खेळती ठेवायची, धक्क्याच्या विजेवर डीह्युमिडिफायर लावायचा, धुराडं असलेली डिझेलची शेगडी पेटवायची. प्रोपेनवर खोली ऊबदार करायला जाऊ नये. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, आणि ते सगळं घरातच. म्हणजे आल्याचा चहा उकळणं हेसुद्धा जलसिंचन. मराठी माणूस गादी वाळवेल, टोपरं घालून झोपेल, पण चहा सोडणार नाही, तेव्हा खिडकी उघडून चहा करायचा. खिडकी उघडली की गाबोळीवर तुटून पडलेल्या सीगल्सचा कलकलाट, समुद्रसिंहांचं डरकाळणं आणि वास, तिन्ही आत.

अंडी दोन-तीन आठवड्यांत फुटतात, सीनर त्याआधीच निघून जातात. खवले राहतात. मोज्यात, उशीच्या अभ्र्यात, चष्म्याच्या काचेवर. तोवर चहाची गाळणी आणि इंजिनाची टोपली एकाच खुंटीला टांगू नये.