चोवीस तासांचे पैसे आणि बाईची झोप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरी पेशंटसाठी चोवीस तासांची बाई ठेवताना तिचं काम कसं पारखावं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न देता लिहिलंत: "ताई, चोवीस तासांचे पैसे मोजतो, मग बाईच्या झोपेची काळजी आम्ही का करायची? घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस नसलं की असे उमाळे येतात." पुढे सीसीटीव्ही, पोलीस पडताळणी, बाई पुरवणाऱ्या ब्युरोचं गूगलवरचं रेटिंग आणि खर्च हेही आहे. तिकडे येते. आधी हे.

'ताई' म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात 'उमाळे' काढायचे, ही बोलायची कुठली रीत? मत पटलं नाही तर खुशाल सांगा. पण माझ्या घरात कोण होतं आणि कोण नव्हतं हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत, ते मी ऐकून घेणार नाही. माझ्या सासूबाईंची शेवटची वर्षं अंथरुणात गेली. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली. नाकात नळी, लघवीला कॅथेटर. त्यांचं कसं आणि काय केलं, ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलण्याचा तक्ता लावलेला असे. दर 2 तासांनी डावी, पाठ, उजवी, आणि समोर बरोबरची खूण. एका रात्री दीडच्या सुमाराला मी उठले, तर 2, 4 आणि 6 च्या चौकटींत खुणा आधीच झालेल्या. एकाच पेनाने, एका दमात. कामाला ठेवलेल्या मावशी खाली सतरंजीवर गाढ झोपलेल्या. मी सासूबाईंना कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. बोटाने दाबून सोडला तरी लाली जाईना. बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशीच होते, हे कुठलीही शिकलेली नर्स सांगेल.

ब्युरोला फोन केला, त्यांनी बदली बाई पाठवली. ती कामाला चोख होती, तरी आठवड्याच्या आत तिचाही तक्ता रात्री दहालाच भरलेला. तेव्हा मी दोघींचा दिवस लिहून काढला. सकाळी सहाला उठून स्पंजिंग, दर 2-3 तासांनी नळीतून फीड, प्रत्येक फीडच्या वेळी आणि नंतरही डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, युरिन बॅग रिकामी करायची, चादरी, कपडे. त्यावर रात्रभर दर 2 तासांनी उठायचं, रोज. हे एका माणसाकडून होत नाही. पैसे कितीही मोजा, होत नाही. आम्ही रात्रीच्या पाळीला वेगळी बाई ठेवली आणि तिच्या सुट्टीच्या रात्री मी जागले. डाग गेला, परत आला नाही. दोन बायका परवडत नसतील तर मध्यरात्रीची एक पाळी घरातल्या कुणीतरी घ्यावी लागते. दुसरा मार्ग मला तरी दिसलेला नाही.

म्हणून मी लिहिलं की ब्युरोला पहिला प्रश्न हा विचारा: बाई सलग किती तास झोपणार आणि तिच्या सुट्टीला कोण येणार? याचं सरळ उत्तर जो ब्युरो देत नाही, त्याची सेवा रात्री कोलमडते. यात उमाळा कुठे आला? हे सगळं पेशंटच्या पाठीसाठी चाललंय.

आता बाकीचं. पोलीस पडताळणीचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो लेखात हवा होता. आज घालते. सीसीटीव्ही जरूर लावा, पण बाई खोलीत आहे की नाही एवढंच तो दाखवेल, चादरीखालच्या टाचेवरची लाली दाखवणार नाही. रेटिंगचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये घरी सेवा पुरवणाऱ्या संस्था केअर क्वालिटी कमिशन तपासतं आणि निकाल जाहीर करतं. आपल्याकडचे तारे कुणी, कधी, कशासाठी दिले हे कुणी तपासतं का? 'नर्स' म्हणून पाठवली असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागा, ताऱ्यांपेक्षा ती कामाची. खर्चावर मी लिहिणार नाही. पेशंटच्या अवस्थेनुसार आणि गावानुसार दर बदलतो, आणि पैसे मोजण्याबद्दल तुम्ही पुरेसं बोलला आहात.

तुमच्या घरी आत्ता पेशंट असेल तर वाद राहू द्या बाजूला. आज संध्याकाळी टाचा आणि माकडहाड स्वतः पाहा, बाईवर सोपवू नका. टाचा गादीला टेकत असतील तर पोटरीखाली उशी द्या. लाली दाबून जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. मला उत्तर त्यानंतर लिहा, आणि लिहाल तेव्हा खाली नाव घाला.