काळवीट मारण्यास परवानगी मिळालेली नाही

‘२०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातील पाचवी अनुसूची गेली, आता पिकात शिरलेले काळवीट मारता येते’ असा संदेश बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतील गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आणि घातक आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सहाऐवजी चार अनुसूची ठेवल्या आणि उपद्रवी प्राण्यांची जुनी यादी, म्हणजेच पाचवी अनुसूची, वगळली, हे खरे. परंतु त्या यादीत उंदीर, कावळा असे प्राणी होते, काळवीट कधीच नव्हते. ते पूर्वीही पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत होते आणि आजही आहे. कलम ११ नुसार उभ्या पिकाच्या नुकसानीच्या कारणावरून मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात, ती दुसऱ्या अनुसूचीतील रोही, रानडुक्कर अशा प्राण्यांपुरतीच, तीही लेखी. काळविटाच्या शिकारीला किमान तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

सोयाबीनचे कोवळे शेंडे एका रात्रीत फस्त झाल्यावर होणारा संताप रास्तच आहे, आणि म्हणूनच वनविभागाकडे विनाविलंब तक्रार देऊन पंचनामा करून घ्यावा. हरणांनी केलेल्या नुकसानीलाही शासनाची भरपाई आहे.