जुनी फोर बाय फोर घेताना ट्रान्सफर केस तपासाच
जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) गाडी घेण्याविषयीच्या आपल्या लेखात इंजिन, टायर आणि कागदपत्रे यांविषयी सविस्तर लिहिले आहे. परंतु जुन्या थार किंवा जिप्सीमध्ये ज्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो, त्या ट्रान्सफर केसचा (इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या गिअरपेटीचा) उल्लेख ओझरताच आला आहे. फोर-हाय आणि फोर-लो (चारही चाके चालवणारे, अनुक्रमे नेहमीच्या वेगाचे आणि कमी वेगात जास्त जोराचे गिअर) दोन्ही मातीच्या मोकळ्या जागेत टाकून पाहावेत, कोरड्या डांबरावर नव्हे, कारण वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि टायरला घसरायला वाव न मिळाल्याने सगळा ताण शाफ्टवर व गिअरांवर येतो. डिफरन्शिअलचे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे असे समजावे. गाडी कोकणातली असल्यास चॅसीला मारलेल्या ताज्या काळ्या रंगावर (विक्रेत्यांना त्याची भारी हौस!) हातोडीने हलकेच ठोकून पाहावे, गंजलेला पत्रा बद्द वाजतो.