‘थोडं शिकून घ्या’ म्हणणाऱ्या वाचकास

‘एक गिटारप्रेमी’ यांस,

ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारातल्या सोलोत मेजर पेंटॅटॉनिक, म्हणजे शुद्ध गंधाराचा पाच स्वरांचा संच, कसा वापरावा यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही पाच-सहा ओळी लिहिल्यात. ज्यांनी त्या वाचल्या नसतील त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. फ्रेटचा (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांचा) आकडा चुकलाय. साथीला डी सेव्हन हा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आल्यावरही ए मेजर पेंटॅटॉनिकच चालू ठेवला तर सी शार्प खुपतो, हे मी सांगितलंच नाही. भूप रागाचा उल्लेख उगाच घुसडलाय. आणि शेवटी, ‘लोकांना शिकवायला निघण्याआधी स्वतः थोडं शिकून घ्यावं.’

आकड्याचं मान्य. ए मायनर (म्हणजे कोमल गंधाराच्या) पेंटॅटॉनिकचा पाचव्या फ्रेटवरचा पॅटर्न तीन फ्रेट मागे नेला की ए, बी, सी शार्प, ई, एफ शार्प हे पाच स्वर हातात येतात. पाचातून तीन गेले, दोन उरले, म्हणजे दुसरा फ्रेट. मी ‘चौथा’ लिहून बसलो. रात्री साडेबाराला टाइप करताना होतं असं. दुरुस्त केलंय, आभारी आहे.

आता ते ‘थोडं’.

थोडं म्हणजे किती, हे तुम्ही लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. मी गिटार हातात घेतली १९८९ साली, सेकंडहँड, वरच्या दोन तारा नसलेली. गावात शिकवणारं कुणी नाही. एक कॅसेट प्लेअर होता. सोलो इतका भरभर जायचा की काही म्हणता काही कळायचं नाही. मग शोध लागला की सेल उतरत आले की कॅसेट हळू चालते. सूरही उतरायचा, म्हणून गिटारच्या चार तारा तेवढ्याच उतरवून घ्यायच्या आणि एकेक जागा पकडत बसायचं. आई नवे सेल आणायची आणि मी जुनेच परत घालायचो. तुमच्या हिशेबात हे ‘थोडं’ धरायचं की त्याच्याही अलीकडचं?

पुढे अकरा वर्षं गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात वाजवलं. पहिल्याच वर्षी एका आनंदी गाण्याच्या मधल्या सोलोत मी ऐटीत मायनर पेंटॅटॉनिक सोडला, कारण तेवढाच येत होता. गाणारी बाई माईकसमोरून वळली आणि तिने माझ्याकडे फक्त बघितलं. एका गंधारात किती फरक असतो, हे त्या रात्री कळलं. तेव्हा मेजर-मायनरमधला फरक मला कुणी टोपणनावाआडून समजावून सांगावा अशी माझी स्थिती नाही. तुम्ही स्वतः कुठे वाजवता, कधीपासून वाजवता, हेही लिहायला हरकत नव्हती. सांगायचा सूर जरा बरा असता, तर मीच तुम्हाला लेखात भर घाला म्हणालो असतो. आपल्याकडे ही एक खोडच आहे म्हणा, चूक दाखवायची ती चापट मारूनच.

भूपाचं दोन वाक्यांत. मी ‘भूपाचेच पाच स्वर’ लिहिलं, ‘हा भूप आहे’ असं नाही. सा रे ग प ध तर देशकार रागातही आहेत, तिथे वादी (मुख्य स्वर) धैवत, इथे गंधार, तो सकाळचा, हा रात्रीचा, एवढं पेटीच्या मास्तरांनी गिटारच्या आधीच घोटून घेतलं होतं. मराठी पोराला हे पाच स्वर आधीच तोंडपाठ असताना त्याला मेजर सेकंड, मेजर थर्ड कशाला सांगत बसू?

राहिला डी सेव्हन. ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन बँडच्या १९७२ च्या ‘ईट अ पीच’ अल्बममधलं ‘ब्लू स्काय’ हे गाणं ऐका. डुएन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोघेही गिटारवादक मुख्यतः ई मेजर पेंटॅटॉनिकवर खेळतात, खाली कॉर्ड ई वरून ए वर जातो, परत येतो. डी वर सी शार्प येतो तसाच ए वर जी शार्प येतोच की. कुणाचे कान दुखले? तिथला ए साधा मेजर आहे, सेव्हन नाही, हे तुम्ही लिहायच्या आधी मीच सांगून टाकतो.

आणि ब्लूजचंच म्हणाल तर ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या नावाने ओळखला जाणारा बॉक्स, म्हणजे बोटांच्या जागांची चौकट, घ्या. ए मध्ये दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट म्हणजे सा, त्याच तारेवर बारावा म्हणजे रे. बाराव्यावर बोट ठेवून तार वर ढकलली की अर्ध्या स्वरावर सी लागतो, पूर्ण स्वरावर सी शार्प. ए सेव्हन चालू असताना मी पूर्ण ढकलतो. डी सेव्हन आला की हात अर्ध्यावरच थांबतो, कारण डी सेव्हनच्या पोटात सी बसलेला आहे. हे इतकी वर्षं वाजवल्यावर बोटांना आपोआप कळतं. त्याचा नियम करून नवशिक्याच्या डोक्यावर कशाला ठेवायचा? एका लेखात सगळं कोंबलं तर तो गिटार माळ्यावर टाकून देईल. त्यामुळे हा मुद्दा मी ‘विसरलो’ वगैरे काही नाही.

पुढच्या लेखात बेंडबद्दल, म्हणजे तार अशी ढकलण्याबद्दल, लिहिणार आहे, त्यात हे येईलच. ते आधीपासून ठरलेलं होतं.

फ्रेटच्या दुरुस्तीखाली ‘चूक दाखवल्याबद्दल आभार’ असं लिहून पुढे तुमचं नाव टाकणार होतो. पण नाव तुम्ही दिलेलंच नाही.