गोठ्यावरील दीड इंची काँक्रीटचे कवच: एका दाव्याचा प्रतिवाद

"कमानींवर गोणपाट ताणा, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवा, दीड इंची गोठा तयार; लोखंड नको, देखभाल नको, खर्च निम्मा, आत गारवा," असा संदेश मेक्सिकोतील एका उपाहारगृहाच्या छायाचित्रासह गोव्यातील शेतकऱ्यांमध्ये फिरत आहे. कवच-बांधकामाविषयी, म्हणजे काँक्रीटच्या पातळ वक्र छतांविषयी, मला आदर आहे, म्हणूनच हे लिहिणे आवश्यक वाटते.

छायाचित्रातील छत कवच-बांधकामासाठी प्रसिद्ध वास्तुविशारद फेलिक्स कँडेला यांनी १९५८ मध्ये मेक्सिको सिटीतील सोचिमिल्को येथे बांधले. त्याची जाडी सुमारे ४ सेंटिमीटर आहे हे खरे, पण त्यात पोलाद आहे, त्याचे बळ दुहेरी वक्रतेत, म्हणजे दोन दिशांनी वळलेल्या आकारात, आहे आणि ते समुद्रापासून दूरच्या पठारावर आहे. गोणपाटाची पद्धत आयरिश अभियंते जेम्स वॉलर यांची, म्हणजे निराळीच.

लोखंड नको, हा दावा सर्वांत घातक आहे. टांगलेल्या साखळीचा आकार उलटा करून बांधलेली कमान स्वतःच्या वजनाखाली केवळ दाबली जाते. परंतु एका बाजूने आलेला वारा, वाळताना काँक्रीटचे होणारे आकुंचन आणि पाया खचणे यांमुळे तिच्यात वाक येतो, आणि तो सोसण्यास पोलाद लागतेच. शिवाय कमान पायथ्याशी बाहेर ढकलते. तो रेटा चिऱ्यांच्या साध्या भिंतीवर टाकला, तर भिंतच बाहेर झुकेल. बरे, पोलाद घातले, तर ते झाकायचे कसे? किनारी हवेला उघड्या काँक्रीटसाठी आयएस ४५६:२००० हे काँक्रीटविषयीचे भारतीय मानक सळीवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन सांगते, आणि कवचाची एकूण जाडीच त्याहून कमी आहे. खारट दमट हवेत सळी गंजून फुगली, की काँक्रीटचे पापुद्रे सुटून गुरांच्या अंगावर पडतील. देखभाल नको, हे येथेच खोटे ठरते.

खर्चाचे गणितही अर्धवट आहे. काँक्रीट कमी लागते, पण वक्र साचा आणि कुशल मजुरी महाग पडते. एकाच साच्यावर अनेक कवचे ओतली, तरच तो खर्च वसूल होतो.

गारव्याबाबत तर उलटेच आहे. ४ सेंटिमीटर काँक्रीट दुपारचे ऊन फार काळ थोपवत नाही, तर नेहमीच्या कौलारू छपरात कौलांच्या फटींतून गरम हवा निसटते. शिवाय फुटलेले कौल घरचा माणूस बदलतो. कवचाला तडा गेला, तर तो केवळ वरचा आहे की आरपार, हे ठरवायला जाणकार अभियंता बोलवावा लागतो.