हॅमला आठ शिट्ट्या कशाला?

'रसीला हैम: सात अचूक नुस्खे' हा मेसेज या आठवड्यात माझ्या फोनवर पाचव्यांदा येऊन पडला. पहिले चार न वाचताच पुसले. पाचवा मावशीकडून आला होता आणि खाली तिची ओळ होती, "बघ गं, यंदा असंच करू या." म्हणून हे लिहायला बसले. नाताळला नऊ दिवस उरलेत. हॅम मामेभाऊ मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसनं आणणार आहे, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून. हाडासकट तीन किलोचा तुकडा आहे. इंदुरात बसून एवढा उपद्व्याप वर्षातून एकदाच करतो आम्ही, आणि तो कुठल्याशा 'बड़े होटल के शेफ'च्या नावानं फिरणाऱ्या मेसेजपायी वाया घालवायची माझी तयारी नाही.

पहिला नुस्खा असा: हॅम आतून गुलाबी दिसला तर तो कच्चा आहे किंवा त्याला रंगाचं केमिकल लावलंय. खायच्या सोड्याच्या पाण्यात तासभर भिजवा, मग पांढरा होईपर्यंत कुकरला आठ शिट्ट्या काढा.

मावशीनं गेल्या वर्षी सोडा वगळून हेच केलं होतं. आठ शिट्ट्यांनी होईना म्हणून बारा काढल्या. झाकण उघडलं तर आत सुतळीसारखे धागे, आणि तेही गुलाबीच! व्हायचेच होते. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मीठ आणि नायट्राइट (मांस टिकवणारा क्षार) लावून मुरवलेली. मांसाला लाल ठेवणारं जे मायोग्लोबिन असतं, त्याच्याशी नायट्राइटचा संयोग होतो आणि शिजल्यावर तो गुलाबी रंग पक्का बसतो. साधं पोर्क शिजलं की पांढुरकं पडतं, हॅम पडत नाही. रंगावरून हॅम शिजला की नाही ते ओळखताच येत नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. 'केमिकल'ची भीती अगदीच हवेतली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून जाहीर केलं, आणि रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा अंदाज दिला. पण हिशेब रोजच्या खाण्याचा आहे. काळजी वाटत असेल त्यानं दोन चकत्या कमी घ्याव्यात. मांसात मुरलेलं नायट्राइट सोड्याच्या पाण्यानं बाहेर येत नाही, चव मात्र साबणासारखी होते.

मुळात मेसेज लिहिणाऱ्याला हेच ठाऊक नाही की दुकानातला बहुतेक हॅम आधीच शिजलेला असतो. आपण तो फक्त गरम करत असतो. पाकिटावर 'कुक्ड' लिहिलंय की 'कुक बिफोर ईटिंग', एवढं आधी वाचा. न शिजवलेला असेल तर आत ६३ अंश सेल्सियस आणि मग तीन मिनिटं विसावा, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. शिजलेला आणि कारखान्याच्या बंद पाकिटातला असेल तर ६० अंश पुरतात. पण आपल्याकडे दुकानदार मोठ्या मांडीतून तुकडा कापून पुन्हा गुंडाळून देतो. अशा हॅमसाठी तेच खातं ७४ सांगतं. आमचा तसाच आहे, म्हणून ७४. त्याच्या पुढे मात्र गेलात तर प्रत्येक अंशागणिक रस ताटात उतरतो. काटा टोचून अंदाज घेण्यापेक्षा थर्मामीटर घ्या. कापलेली बाजू खाली, ट्रेमध्ये वाटीभर संत्र्याचा रस किंवा पाणी, वरून फॉइल घट्ट, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १६० अंशांवर, किलोला साधारण चाळीस-पन्नास मिनिटं. रसदार हॅमचं गुपित म्हणतात ते एवढंच.

आता सहावा नुस्खा. खरं तर याच्यासाठीच सगळं लिहितेय. 'हैम में नमक होता है, इसलिए बचा हुआ हैम तीन दिन बाहर रख सकते हैं, खाने से पहले उबाल लें.'

मावशी म्हणाली, "अगं, पूर्वी कुठे होते फ्रिज?" बरोबर आहे. इटलीतल्या पार्मासारखे सुके हॅम वर्षभर नुसते टांगून ठेवतात. पण त्यातलं पाणी महिनोन्‌महिने सुकवून काढलेलं असतं. आपला ओलसर, मऊ हॅम त्या जातीचा नाही. त्यातलं मीठ जिभेला खारट लागण्यापुरतं.

आणि ज्या जंतूची इथं भीती आहे तो मिठाला भीतच नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्या नाकात, हातावर असतो. हॅम शिजताना बाकीचे बरेचसे जंतू मरतात, मग सुरी चालवणाऱ्या हातावरून हा एकटा मोकळ्या रानात उतरतो. खारटपणात इतर जंतू रखडतात, याला तिथं स्पर्धाच उरत नाही. बाहेर ठेवलेल्या मांसात तो विष तयार करतो, आणि ते विष उकळून जात नाही. जंतू मरेल, विष राहील. म्हणजे 'उबाल लें' हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, खोटा दिलासा देणारा आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं, सीडीसीनं, फ्लोरिडातली १९९७ ची एक घटना नोंदवली आहे. एका बाईनं तयार शिजलेला सुमारे सात किलोचा हॅम घरी भाजला, कामाच्या ठिकाणच्या स्वयंपाकघरातल्या यंत्रावर गरम असतानाच कापला, चकत्या डब्यात रचून फॉइलनं झाकून आधी तिथल्या शीतगृहात आणि मग रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. यंत्र नीट खोलून धुतलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पार्टीत तो थंडच वाढला. काही तासांतच लोकांना उलट्या सुरू झाल्या, अठरा जण आजारी पडले. लक्षात घ्या, तो हॅम थंड जागेत होता! नुसता खोल डब्यात थरावर थर, गरम असतानाच रचलेला, त्यामुळे मधला भाग लवकर गार झाला नसणार. आणि आपण तीन दिवस जाळीच्या कपाटात ठेवायच्या गप्पा करतो. आमच्या जेवणाला सत्तरीपुढचे चार जण असतात, एक तान्हं बाळही. मावशी, वाचते आहेस ना?

दोन तासांत फ्रिजमध्ये, उथळ डब्यांत पसरून. तीन-चार दिवसांत संपवा.

'थंडी आहे, रात्रभर ओट्यावर वितळू द्या' हा नुस्खाही याच माळेतला. मालव्याची थंडी पहाटे गोधडीत बोचते खरी, पण दुपारी ओट्यावर पंचवीस अंश असतात. आदल्या दिवशी सकाळीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात टाका.

उरलेले भराभर. नळाखाली खळखळून धुवा: नको, शिंतोडे कोशिंबिरीवर उडतात. मोठ्या आचेवर भाजून रस आत कोंडा: रस कोंडला जात नाही, चव मात्र चांगली येते. कोल्ड्रिंकमध्ये शिजवा: अमेरिकेच्या दक्षिणेत खरंच करतात, त्यातल्या साखरेनं चव येते. मला आवडत नाही, पण चूक म्हणणार नाही.

ग्लेज (वरून लावायचा चकचकीत गोड लेप) सुरुवातीलाच थापा, हा सल्ला देणाऱ्यानं ओटीजी पाहिलेलाच नाही. दोन तास वरच्या रॉडखाली साखर ठेवली तर कोळसा होतो. गूळ किंवा काकवी, मोहरीची पेस्ट आणि संत्र्याचा रस दाट आटवा. हॅम आतून सत्तर अंशांना आला की फॉइल काढा, चरबीवर चौकटी पाडून लवंगा टोचा, मग शेवटच्या वीस मिनिटांत दोन-तीनदा ब्रशनं लावा. रॉड तेव्हाच वाढवा आणि समोरून हलू नका. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावायची नाही, मुलं कितीही घिरट्या घालू देत.

हाड टाकू नका. सव्वीसला मसूर घालून मंद आचेवर ठेवा. आधी चाखून बघितल्याशिवाय मीठ अजिबात घालायचं नाही.