टायरात पाणी भरा, पण तोंडोतोंड कशाला?

‘मागच्या दोन्ही टायरांत तोंडोतोंड पाणी भरा. चाक जराही घसरणार नाही, डिझेल वाचेल, पुढची चाकं उचलणार नाहीत. पाणी फुकट, तोटा शून्य.’ ट्रॅक्टरवाल्यांत हा मेसेज फिरतोय. टायरात पाणी भरतात ते मागच्या चाकांवर वजन वाढून पकड यावी म्हणून. पाणी भरू नका असं मी म्हणत नाही, पण यातलं एकेक वाक्य तपासून बघू.

आधी ‘जराही घसरणार नाही’. नांगरताना चाक थोडं घसरायलाच हवं, म्हणजे पुढे न सरकता थोडं जास्तीचं फिरायला हवं, साधारण ८ ते १५ टक्के. त्याहून कमी घसरत असेल तर तुम्ही फुकटचं वजन वाहताय, आणि नांगर कुठे अडकला की चाक फिरून सुटण्याऐवजी सगळा ताण गिअर आणि एक्सलवर येतो. मोजणं सोपं आहे. टायरवर खडूची रेघ मारा. नांगर जमिनीत घालून चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा, सुरुवातीला आणि शेवटी खुंटी ठोका. मग नांगर उचलून तेवढंच अंतर परत चालवा. ९ फेरे भरले तर घसरण १० टक्के, उत्तम. साडेनऊच्या वर भरले तर वजन काढा. ८ भरले तर वजन हवंय. खडूही नको असेल तर मागे वळून बघा: टायरचे ठसे साच्यातून काढल्यासारखे कोरीव उमटले तर वजन जास्त, सगळे पुसलेले दिसले तर कमी.

आणि जमीन कोणती तेही बघा. वाळूमिश्रित रानात वजनाने पकड वाढते. ओल्या चिकणमातीत पकड मुख्यतः टायर किती जागेवर टेकतो यावर असते; तिथे वजन वाढवलं की चाक फक्त जास्त रुततं.

‘डिझेल वाचेल’ हे चाक २५ टक्के घसरत असेल तर खरं. पण रोटाव्हेटरला काय उपयोग? त्याची माती फोडणारी फिरती पाती बहुधा ट्रॅक्टरला उलट पुढेच ढकलतात. लोखंडी वजनं कामानुसार काढता येतात, टायरातलं पाणी मात्र फवारणीलाही सोबत फिरतं.

‘पुढची चाकं उचलणार नाहीत’ हे तर सरळ चूक. ट्रॅक्टर उचलतो तो मागच्या एक्सलभोवती फिरून, आणि पाणी त्याच एक्सलच्या आसपास. उलट मागची पकड वाढली की ओढ वाढते आणि पुढचं लवकर हलकं होतं. त्याला वजन बोनेटपुढेच लागतं.

आता ‘तोंडोतोंड’. व्हॉल्व्ह सर्वांत वर आणून पाणी व्हॉल्व्हपर्यंत भरायचं, म्हणजे सुमारे ७५ टक्के. वरचा भाग हवेचा, कारण पाणी दबत नाही. हवाच उरली नाही तर बांधावरून किंवा दगडावरून जाताना बसणारा दणका थेट टायरच्या अंगाला आणि रिमला बसतो. रेडियल टायर (मऊ बाजूंचा) असेल तर कंपनी काय सांगते ते आधी वाचा. पाण्याने त्याच्या बाजू ताठ होतात आणि त्याचा मऊपणाच जातो.

उरला ‘तोटा शून्य’. कडक थंडीत साधं पाणी गोठतं, म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, आणि ते गळलं की रिम गंजतं. खरा तोटा मात्र जमिनीत होतो. टायरात हवा कमी ठेवून वरच्या थराचं दडपण हलकं करता येतं, पण फाळाच्या खालचा थर एक्सलवरच्या एकूण वजनानेच दाबला जातो. तो थर नांगराला लागतच नाही.